मागची तीन वळणं

आमच्या माळावर मोटारसायकलच्या शर्यतीचा ट्रॅक आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "कशासाठी?" या प्रश्नाला उत्तरं देऊन मी थकलोय. बैल पळवले तर कुणी कारण विचारत नाही, रेडे टकरीला लावले तरी विचारत नाही. गाडी पळवायची म्हटलं की मात्र कारण लागतं.

मुरुम गावात माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि गावाबाहेर वडिलांच्या नावावर चार एकर माळ आहे. माळ म्हणजे खरोखरच माळ. कुसळ, मुरमाड खडे आणि कडेनं एक ओढा. शेळ्यासुद्धा तिथं नाइलाजानं चरतात. गॅरेजवर बसणाऱ्या आम्हा चौघांना गाड्यांचं वेड. हायवेवर हातपाय मोडून घेण्यापेक्षा माळावर मोडून घेऊ, असं म्हणत एका सुट्टीच्या दिवशी आम्ही कुदळ-फावडी घेऊन सुरुवात केली. दोन वर्षं लागली. सव्वा किलोमीटरचा मातीचा ट्रॅक, नऊ वळणं, चार उड्या, कडेला जुन्या टायरांच्या भिंती. सगळ्यात जास्त घाम गेला तो मागच्या तीन वळणांवर. ती ओढ्याच्या अंगाला आहेत. तिथं गाडी घसरली तर चालवणारा थेट ओढ्यात, म्हणून आम्ही बाहेरच्या बाजूला कंबरेएवढा मातीचा बांध घातला आणि बांधाच्या अलीकडं चांगली रुंद मोकळी जागा ठेवली. ती तीन वळणं बघितली की कुठलाही जाणकार मान डोलावणार, याची मला खात्री होती.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, यांनी माळ दिला तो कुरकुरत. "पोरानं गाड्या उडवायला रान मागितलंय," असं ते भेटेल त्याला सांगायचे. ट्रॅक तयार झाल्यावर ते एकदाही तिकडं फिरकले नव्हते. त्या माळात काय हाय बघायला, दगड अन् धूळ, हे त्यांचं ठरलेलं मत.

राज्यात मातीवरच्या शर्यती भरवणाऱ्या एका संघटनेकडं आम्ही अर्ज केला होता. त्यांच्या हंगामातली एक फेरी आमच्या माळावर व्हावी एवढंच मागणं होतं. त्यांचा निरीक्षक पुण्याहून येणार, एका दिवसात सगळा ट्रॅक तपासणार, सगळा पसंत पडला तर मान्यता देणार. नाही पडला तर हंगाम गेला. दोन वर्षांचा घाम त्या एका रविवारावर येऊन थांबला होता. मी वेळा ठरवल्या होत्या. सकाळी सातला सोलापूर स्टेशनवर पाहुण्याला घ्यायचं, दहाला माळावर, दोनपर्यंत तपासणी, मग घरी जेवण आणि रात्रीच्या गाडीला परत सोलापूर. बाकीचे तिघं पहाटेपासून माळावर टँकरनं पाणी मारून धूळ बसवणार होते. यात चुकायला जागाच नव्हती.

पहाटे जीप काढायला गेलो तर पुढच्या सीटवर आबा बसलेले. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी, मांडीवर उपरणं.

"तुम्ही कुठं?" मी विचारलं.

"पाव्हणं आणायला घरातलं मोठं माणूस नको व्हय? तू एकटा गेलास तर म्हणतील ड्रायव्हर धाडलाय."

तिथंच खाली उतरवायला हवं होतं. पण स्वतःच्या बापाला जीपमधून उतरवण्याइतकं तोंड आमच्याकडं कुणाला असतं? मी चावी फिरवली.

पाहुणा पस्तिशीचा असेल. सडपातळ, चष्मा, बोलायला अतिशय नम्र. पाठीवर सॅक आणि हातात लांब दांड्याचं मोजायचं चाक. ते चाक पाहून मला बरं वाटलं, कामाचा माणूस आलाय. आबांनी त्याच्या हातातलं चाक काढून मागं टाकलं आणि त्याला म्हणाले, "सायेब, आदी तुळजापूर. आईच्या दर्शनाबिगर आमच्याकडं कुठलं काम सुरू होत न्हाय."

तुळजापूरचा रस्ता वेगळा, रविवारची गर्दी, म्हणजे अख्खी सकाळ गेली. मी घाईघाईनं तोडगा काढला. "आबा, तुळजापूर आडवाटेला पडतंय. अणदूर आपल्या वाटेवरच आहे. तिथं खंडोबाचं दर्शन घेऊ, दहा मिनिटांत होईल."

आबांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरं. तू म्हणतोस तर अणदूर."

इतक्या सहज ऐकलं तेव्हाच शंका यायला हवी होती.

अणदूरला देवळासमोर अजिबात गर्दी नव्हती. नारळवाले नाहीत, चपलांचे ढीग नाहीत. आपलं नशीब आज जोरावर आहे असं म्हणत मी पाहुण्याला घेऊन आत गेलो. ओसरीत बसलेल्या म्हाताऱ्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कुठलं पाव्हणं? देव नळदुर्गाला गेलाय की."

मी कपाळावर हात मारला. अणदूरचा आणि नळदुर्गचा खंडोबा एकच. वर्षातले दहा महिने तो अणदूरला असतो आणि थंडीत पावणेदोन महिने नळदुर्गला मुक्कामाला जातो. पालखीतून नेतात, दोन्ही गावांचं तसं लेखी ठरलेलं असतं. पौष पौर्णिमेची जत्रा झाली की परत येतो. हे आमच्या भागात शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत असतं. मलाही होतं. फक्त त्या दिवशी माझ्या डोक्यात वळणं आणि उड्या सोडून काही नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं ना?" मी आबांना बाजूला घेऊन विचारलं.

"व्हय. मला वाटलं तुलाबी ठावं असंल. तू म्हणालास म्हणून गप बसलो."

पाहुण्याला भलतीच मजा वाटली. "म्हणजे देवाचीसुद्धा बदली होते?" त्यानं विचारलं. झालं. आबांना ऐकणारा माणूस मिळाला. जीपमध्ये बसेपर्यंत त्यांनी पालखीची सगळी कथा सांगितली आणि शेवटी ठणकावलं, "आता नळदुर्ग. देवाला म्हणून निघालेला माणूस दर्शन न घेता फुडं जात न्हाय." देवाचं नाव मीच काढलं होतं. स्टिअरिंग माझ्या हातात होतं आणि गाडी आबांच्या.

पौषातला रविवार आणि नळदुर्ग. गाडी लावायलाच पाऊण तास गेला. नदीपलीकडं देवळाकडं जाणारी रांग बघून मला रडू यायचं बाकी होतं. माणसं भंडारा उधळत होती, येळकोट येळकोट जय मल्हार चालू होतं, आणि पाहुणा मोबाइल वर धरून सगळं टिपत होता. रांगेत असतानाच माळावरून फोन आला. "पाणी मारून झालंय. कुठवर आलात?" मी म्हणालो, "आलोच." दर्शन होईतो साडेअकरा वाजले. पाहुणा डोक्यापासून बुटापर्यंत पिवळा झाला होता. खिशातली वहीसुद्धा पिवळी.

"साहेब, आता थेट ट्रॅक—" मी म्हणालो.

"किल्ला ह्यो इथंच हाय," आबा म्हणाले. "नळदुर्गात येऊन किल्ला न बघता गेलं तर लोकं मला काय म्हणतील?"

कुठले लोक? मला आजतागायत हे लोक भेटलेले नाहीत. पण आबांच्या आयुष्यातला प्रत्येक निर्णय त्यांना विचारून होतो.

किल्ला सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. नदीला आडवा घातलेला बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल, आणि पावसाळ्यात बंधाऱ्यावरून कोसळणारे नर-मादी हे दोन धबधबे. पण आम्ही गेलो तेव्हा धबधबे कोरडे होते. आबांना त्यानं काही फरक पडला नाही. त्यांनी कोरड्या दगडांकडं हात करून अर्धा तास पाणी वर्णन करून सांगितलं, कुठून येतं, कसं फुटतं, तुषार कुठवर उडतात. पाहुणा मान डोलवत होता. माझ्या नऊ वळणांकरता आलेला माणूस नसलेलं पाणी बघत उभा होता आणि मी घड्याळ.

मग उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या. वर तोफा. वरून आबांनी चारी दिशा दाखवल्या. हिकडं तुळजापूर, हिकडं सोलापूर, तिकडं लोहारा. पाहुण्यानं आपणहून विचारलं, "आणि तुमचा ट्रॅक कुठल्या बाजूला?" मी तोंड उघडणार तेवढ्यात आबा म्हणाले, "तिकडंच हाय, कुठं जातोय?" तेव्हा त्या बुरुजावर मी दात खाल्ले. अक्षरशः. खाली उतरताना जबडा दुखत होता.

पायऱ्या उतरताना मी आबांना गाठलं आणि हळू आवाजात सगळं ओकलो. हा माणूस कशाला आलाय, तुम्हाला कळतंय का, दिवस मावळला तर काय उरेल, तुम्हाला माझं काम बुडवायचंच आहे का. आबा थांबले, उपरण्यानं घाम पुसला आणि म्हणाले, "तुला काय कळतंय? तालुक्याच्या कचेरीत माझी सगळी कामं झाली ती कशानं? माणूस खूश झाला की कागद आपोआप होतो. तुझ्या माळात त्याला खूश करायला हाय काय? दगड?" त्यांना खरंच तसं वाटत होतं. ते माझं काम बुडवत नव्हते, करत होते. याचा मला जास्त संताप आला. वैऱ्याशी भांडता तरी येतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, नाहीतर पुन्हा डोकं उठेल. जळकोटच्या अलीकडं आबांच्या जुन्या मित्राचं शेत. तिथं हुरडा. गोवऱ्यांची आगटी पेटलेली, कोवळी कणसं भाजून तळहातावर चोळून दिली जात होती, सोबत शेंगाची चटणी आणि गूळ. हे आबांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. पाहुणा मांडी घालून बसला आणि म्हणाला, "फार छान आहे हो तुमच्याकडं सगळं." दीड तास. माळावरून दुसरा फोन. "पाणी वाळलं, परत मारू का?" मारा, म्हटलं. तिथून घरी. पाय धुवायला पाणी, चहा, मग टोपी, टॉवेल, नारळ देऊन सत्कार. शेजारपाजारची माणसं बोलावलेली. पाहुणा ती टोपी घालून आमच्या ओसरीत बसला आणि मी दारात चाक हातात धरून उभा. तिसरा फोन आला. "टँकर संपला." यावेळी मी फोन कापला.

माळावर पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. आबाही आले. पाहुण्याला एकट्याला कसं सोडणार?

आणि मग एक गोष्ट झाली. पाहुण्यानं टोपी काढून सॅकमध्ये ठेवली, झगझगीत पट्ट्यांचं जाकीट अंगात चढवलं आणि तो एकदम दुसराच माणूस झाला. "एक गाडी सोडा बघू," तो म्हणाला. आमच्यातला एक गाडीवर होताच, दिवसभर हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला. तो सुटला. पहिलं वळण, दुसरं, आणि मग उडी. गाडी माणसाच्या डोक्यावरून गेली आणि पलीकडच्या उतारावर अलगद टेकली.

"आरं आरं आरं!" आबा ओरडले. "पडंल की त्यो!"

"नाही पडत, काका," पाहुणा म्हणाला. "उतार बरोबर केलाय यांनी. म्हणून चाक सरळ बसतं."

"पुन्यांदा सांग त्याला," आबा मला म्हणाले. मी बघतच राहिलो. सत्तरीतला माझा बाप तोंड उघडं टाकून माळावर उभा होता आणि त्याच माळाची गेली दोन वर्षं त्यानं टिंगल केली होती.

पाहुण्यानं काम झपाझप सुरू केलं. चाक फिरवत रुंदी, मग टेप काढून टायरांच्या भिंतीपासूनचं अंतर. टेपचं दुसरं टोक धरायला मी पुढं झालो तर ते आबांनी आधीच धरलं होतं. धोतर वर खोचून ते वळणावळणाला वाकत होते. "हितं घसरला तर कुठं जाईल?" "माणसं उभारायची कुठं?" "ह्यो बांध कुणी घातला?" त्यांचे प्रश्न माझ्या तिन्ही मित्रांपेक्षा चांगले होते. पाहुणा पिवळ्या वहीत लिहीत होता आणि मधूनमधून मान डोलवत होता. सहा वळणं झाली. सूर्य ओढ्यापलीकडच्या बाभळींना टेकला होता. मित्र तिकडं लांब, सुरुवातीच्या रेषेपाशी गाड्या घेऊन थांबले होते. मागच्या अंगाला आम्ही तिघंच.

"तीन राहिली," पाहुणा म्हणाला. "वीसेक मिनिटं उजेड आहे. होईल."

तेवढ्यात आईचा फोन. "पोळ्या झाल्यात. आमटी दोनदा गरम केली. पाव्हण्याला गाडी हाय ना? उपाशी धाडतोस का काय त्याला?"

मी पाहुण्याकडं पाहिलं. दिवसभर उन्हात फिरलेला, चेहरा उतरलेला, बुटांवर भंडारा. चुलीपुढं सकाळपासून बसलेली आई डोळ्यांसमोर आली. आणि दिवसभर ज्याला एक वाक्य धड पुरं करता आलं नव्हतं, त्या माझ्या तोंडून एक अख्खं वाक्य बाहेर पडलं.

"साहेब, आधी जेवून घ्या. पोळ्या थंड होतायत."

"आरं, तीनच राहिलीत," आबा म्हणाले. टेपचं टोक अजून त्यांच्या हातात होतं. "बघू दे की त्यांना. जेवण काय पळून जातंय?"

"आई वाट बघतीय, आबा. सकाळपासून करतीय ती."

पाहुण्यानं आमच्या दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. जेवायला बोलावलं की नाही म्हणायचं नसतं, एवढं तो आमच्या मुलखात एका दिवसात शिकला होता. त्यानं वही मिटली. "बरं, जेवून पटकन येऊ. दहा मिनिटांचं काम आहे."

मी टेप गुंडाळला. आबांनी टोक सोडलं नाही, मला ते हलकेच ओढून घ्यावं लागलं.

घरी पुरणपोळी, येसर मसाल्याची आमटी, भाताबरोबर तुपाची वाटी. पाहुणा दोन पोळ्यांवर थांबला. "अजून एक," असं म्हणत तिसरी त्याच्या ताटात मीच वाढली. तो नको नको म्हणत होता तरी वाढली. हात धुवून आम्ही अंगणात आलो तेव्हा अंधार पडला होता. पाहुण्यानं माळाच्या दिशेला एकदा बघितलं, घड्याळ बघितलं आणि सॅक जीपमध्ये ठेवली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मागच्या तीन वळणांची पाहणी पूर्ण न झाल्यानं या हंगामासाठी मान्यता देता येत नाही, असं होतं. बाकी सगळ्याचं कौतुक होतं. खाली त्यानं हातानं लिहिलं होतं, पावसाळ्यात धबधबा बघायला घरच्यांना घेऊन येईन, काकांना नमस्कार.

मित्रांनी विचारलं, तीन वळणं राहिली कशी? अंधार पडला, मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण अंधार पडायच्या आधी उजेड होता, आणि त्या उजेडात मी काय बोललो, ते मी सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही, कारण त्यांच्या मते गुन्हेगार केव्हाच सापडला होता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आबा गॅरेजवर आले. नेहमीसारखे, बाहेरच्या बाकावर टेकले. तिघंही तिथंच होते. कुणी रामराम केला नाही. शेवटी एकजण न राहवून बोललाच, "आबा, तुमी त्या माणसाला दिवसभर देवळं अन् किल्लं दाखवत फिरला नसता, तर आज कागद आपल्या हातात असता. दोन वर्षं मातीत घातली आमी."

मी एका गाडीची चेन घट्ट करत होतो. आबांनी माझ्याकडं बघितलं. ते मला न बघता कळलं. आत्ता बोलावं, एवढंच बोलावं की वीस मिनिटं होती, आणि हे म्हणत होते बघू दे. लाज वाटत होती आणि त्या लाजेपेक्षा सांगायची भीती जास्त होती.

"व्हय बाबा," आबा म्हणाले. "लई फिरवलं. माझंच चुकलं."

मग ते उठले आणि उपरणं खांद्यावर टाकून चालते झाले. चेन घट्ट झालेली होती. मी ती परत सैल केली आणि परत घट्ट करत बसलो.